दहा मिनिटांत दिसतो तो पिचर

अमेरिकेत हायस्कूलच्या संघांतून बेसबॉल खेळणाऱ्या मुलांची संख्या पावणेपाच लाखांच्या आसपास आहे. त्यांतली शंभरात सुमारे सात मुले पुढे एनसीएए या कॉलेज क्रीडासंघटनेच्या कुठल्या ना कुठल्या संघात पोचतात. सर्वांत वरच्या, म्हणजे डिव्हिजन १च्या सुमारे तीनशे कॉलेजांत शिरकाव होतो तो शंभरात जेमतेम दोघांचा. या गाळणीत सर्वांत बारीक छाननी पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, होते. सामन्यातला प्रत्येक चेंडू त्याच्या हातून सुरू होतो आणि कॉलेजच्या संघात जवळजवळ निम्मी मुले पिचरच असतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलात कॉलेजचा रिक्रूटर नेमके काय पाहतो, असे विचारले की उत्तरादाखल एक लांबलचक यादी मिळते: वेग, अचूकता, फास्टबॉलखेरीज दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारचे चेंडू, शरीरयष्टी, फेकीची ढब, अभ्यासातले गुण, स्वभाव. ही यादी खोटी नाही. अनुभवी प्रशिक्षक यांतले सारे खरोखरच पाहतात. पण यादीतल्या कोणत्या गोष्टीला किती वजन मिळते, हे त्या गोष्टीच्या खऱ्या मोलावर ठरत नाही. ती किती थोड्या वेळात मोजता येते यावर ठरते, असे माझे म्हणणे आहे. वेग दहा मिनिटांत मोजता येतो. नियंत्रण, टिकाऊपणा आणि शिकण्याची क्षमता कळायला एक हंगाम जावा लागतो. गेल्या काही वर्षांत कॉलेज बेसबॉलचे नियम आणि अर्थकारण ज्या दिशेने गेले आहे, त्यामुळे हे असंतुलन वाढतच चालले आहे आणि त्याची किंमत वाढत्या वयाच्या मुलांच्या कोपरांना मोजावी लागते आहे.

आधी वेगाची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती भक्कम आहे. पिचर क्रिकेटच्या गोलंदाजासारखा धावत येत नाही. दहा इंच उंचीच्या माउंडवर उभा राहून तो चेंडू टाकतो, चेंडूला टप्पा नसतो आणि फलंदाजापाशी असलेली होम प्लेट साठ फूट सहा इंचांवर असते. हे अंतर १८९३पासून बदललेले नाही. ताशी नव्वद मैलांचा चेंडू, म्हणजे आपल्या हिशेबात सुमारे १४५ किलोमीटरचा, हातातून सुटल्यापासून सेकंदाच्या चार-दशांशाच्या आसपास फलंदाजापर्यंत पोचतो. तेवढ्यात त्याने चेंडू ओळखायचा, बॅट फिरवायची की नाही ते ठरवायचे आणि फिरवायची. वेग वाढला की ठरवायला मिळणारा वेळ कमी होतो आणि पिचरची छोटी चूकही खपून जाते. म्हणूनच मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे मोठ्या लीगमध्ये, साध्या फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ साली ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४ साली ९४.२ मैलांवर गेला. कॉलेजांचे मापदंडही त्याच वाटेने वर सरकले. ढोबळ मानाने सांगायचे तर डिव्हिजन १च्या कॉलेजाने उजव्या हाताच्या पिचरकडे लक्ष द्यावे यासाठी त्याचा फास्टबॉल ताशी नव्वद मैलांच्या जवळपास किंवा नव्वदीत असावा लागतो. साउथईस्टर्न कॉन्फरन्ससारख्या बलाढ्य गटात नव्वदीचे पहिले काही आकडेही आता विशेष मानले जात नाहीत. डिव्हिजन ३च्या अनेक संघांत मात्र ऐंशी ते पंच्याऐंशीच्या दरम्यान चेंडू टाकणारा आणि प्लेटच्या कडा गाठणारा मुलगा उत्तम चालतो. डावखुऱ्याला दोन-तीन मैलांची सूट मिळते. डावखुरे पिचर मुळातच कमी असतात, आणि फेकीसाठी उभे राहताना त्यांचे तोंड पहिल्या बेसकडे असल्याने तिथल्या धावकावर नजर ठेवणे त्यांना सोपे जाते.

वेगाला महत्त्व असावे, यात वाद नाही. पण वेगाला मिळणारे वजन त्याच्या उपयुक्ततेहून जास्त का होते, हे कळायचे तर रिक्रूटरचा उन्हाळा कसा जातो ते पाहावे लागेल. जॉर्जियातल्या लेकपॉइंटसारख्या संकुलांत एकाच वेळी ढीगभर संघ खेळत असतात. ऑक्टोबरात फ्लोरिडातल्या ज्युपिटरला भरणाऱ्या स्पर्धेत तर देशभरचे होतकरू खेळाडू एकत्र येतात, आणि प्लेटमागच्या जाळीपाशी प्रशिक्षक व स्काउट रडार गन घेऊन रांगेने बसलेले असतात. तिथे एकेका प्रशिक्षकाला दिवसभरात कित्येक मुले पाहायची असतात. शोकेस या, रिक्रूटरांसमोर कसब दाखवण्याच्या, प्रकारात तर पिचर फक्त एखाद-दुसरा डाव टाकतो आणि त्यात त्याची सारी ताकद पणाला लागते. अशा ठिकाणी रडार गनवरचा आकडा निर्विवाद असतो आणि तो कुणालाही फोनवर सांगता येतो. चाळीस चेंडूंपैकी किती स्ट्राइक, म्हणजे योग्य पट्ट्यात, पडले हेही मोजता येते, पण चाळीस चेंडूंवरून नियंत्रणाचा निवाडा करणे धोक्याचे आहे. एखाद्या दिवशी कुणाचाही हात बसतो, एखाद्या दिवशी कुणाचाही भरकटतो. हायस्कूलच्या हंगामातल्या आकडेवारीवरही फार विसंबता येत नाही, कारण समोरचे फलंदाज कुठे कॉलेजच्या तोडीचे असतात, तर कुठे नुकतीच बॅट हातात धरलेले. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण भांड्यातला सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. सतरा वर्षांच्या पिचरचे तसे नाही. त्याचा आजचा वेग, उद्याचे शरीर आणि परवाचा संयम वेगवेगळ्या गतीने तयार होत असतात.

आजचा आकडा हेच भविष्य मानण्याची चूक किती महाग पडते, याचे दाखले कॉलेज बेसबॉलच्या अलीकडच्या इतिहासात भरपूर आहेत. शेन बीबर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत शिष्यवृत्तीविना, वॉक-ऑन म्हणून आला होता. त्याच्याकडे वेग नव्हता, चेंडू हवा तिथे टाकण्याची हातोटी होती. तिथे शरीर भरले, वेग वाढला, २०१६ साली मोठ्या लीगच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, क्लीव्हलँडने त्याला चौथ्या फेरीत घेतले आणि २०२०मध्ये त्याने साय यंग पुरस्कार, म्हणजे पिचरसाठीचा सर्वोच्च मान, एकमताने मिळवला. अ‍ॅरिझोनातल्या किंगमन या लहान गावच्या तारिक स्कूबलला डिव्हिजन १च्या सिअ‍ॅटल युनिव्हर्सिटी या एकाच कॉलेजाने विचारले. २०१८ साली नवव्या फेरीत डेट्रॉइटने उचललेल्या याच मुलाने २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे साय यंग मिळवले. जेकब डिग्रॉम स्टेट्सन युनिव्हर्सिटीत शॉर्टस्टॉप, म्हणजे क्षेत्ररक्षक, होता आणि तिसऱ्या वर्षी पिचिंगकडे वळला. पॉल स्कीन्स हवाई दलाच्या अकादमीत कॅचर (यष्टिरक्षकासारखा) आणि पिचर अशा दोन्ही भूमिका करत होता. लुइझियाना स्टेटमध्ये गेल्यावर २०२३च्या एका हंगामात त्याने २०९ फलंदाज स्ट्राइकआउट केले, साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा जुना विक्रम मोडला आणि त्याच वर्षी तो देशात सर्वांत आधी निवडला गेला.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. २०१४ साली टायलर कोलेक हा हायस्कूलचा पिचर ताशी शंभर मैलांपर्यंत चेंडू टाकत होता. मायामीने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले, पुढे कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि मोठ्या लीगमध्ये तो कधीच पोचला नाही. २०१६ साली चौथ्या क्रमांकावर निवडलेला रायली पिंट त्याहूनही वेगवान मानला जात होता. त्याचे चेंडू प्लेटवर पडेनात. त्याने मध्येच खेळ सोडला, परत आला आणि मोठ्या लीगचे मैदान पाहायला त्याला २०२३ साल उजाडावे लागले. व्यावसायिक संघांना या प्रकाराची किती धास्ती आहे, हे एका नोंदीवरून कळते: मोठ्या लीगच्या वार्षिक ड्राफ्टमध्ये हायस्कूलचा उजव्या हाताचा पिचर आजवर एकदाही पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला नाही. डावखुरे तिघे निवडले गेले: १९७३चा डेव्हिड क्लाइड, १९९१चा ब्रायन टेलर आणि २०१४चा ब्रेडी एकेन. त्यांपैकी एकाचीही कारकीर्द अपेक्षेइतकी फुलली नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. बीबर आणि स्कूबल ही यशस्वी झालेल्यांची नावे आहेत; हळू चेंडू टाकणारी आणि पुढेही हळूच राहिलेली हजारो मुले कुणाला आठवत नाहीत. चार उदाहरणांवरून वेगाचे मोल कमी ठरत नाही. हे मान्य आहे, आणि हायस्कूलमध्ये ८२ मैलांनी टाकणाऱ्या प्रत्येक मुलात बीबर दडलेला असतो असे म्हणणे त्या मुलाशी आणि त्याच्या आईवडिलांशी अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण या उदाहरणांतून दुसरे एक मर्यादित सत्य निघते, आणि ते पुरेसे आहे. या सर्वांच्या बाबतीत वेग नंतर आला. जे आधीपासून होते ते पुन्हा पुन्हा तीच हालचाल करता येण्याचे कसब, वाढायला जागा असलेले शरीर आणि शिकवलेले अंगी बाणवण्याची वृत्ती. सतराव्या वर्षी मोजलेला वेग ही बऱ्याच अंशी त्या वर्षीच्या स्नायूंची आणि वाढीची नोंद असते. लवकर वयात आलेला मुलगा तिथे पुढे दिसतो, उशिरा वाढणारा मागे. तीन वर्षांनी ते चित्र उलटे होऊ शकते, आणि चांगल्या रिक्रूटरचे काम तीन वर्षांनंतरचे चित्र ओळखण्याचेच आहे.

ते कसे ओळखायचे, यावर या व्यवसायातल्या जाणत्यांचे बऱ्यापैकी एकमत आहे. पहिली खूण शरीराची. उंच बांधा, लांब हातपाय, रुंद खांदे आणि अजून न भरलेली छाती असा मुलगा दिसला की प्रशिक्षक थांबतो, कारण वीस पौंड स्नायू चढायला तिथे जागा असते. पण हा निकषही आंधळेपणाने लावला की फसवतो. टिम लिन्सेकम पाच फूट अकरा इंचांचा आणि सडपातळ होता. वॉशिंग्टन विद्यापीठात त्याच्या कंबरेच्या पिळाने आणि लांबलचक ढांगेने जे साधले, त्यातून २००८ आणि २००९चे साय यंग आले. ड्यूक विद्यापीठाचा मार्कस स्ट्रोमन पाच फूट सात इंच असूनही २०१२ साली पहिल्या फेरीत निवडला गेला. उंचीपेक्षा महत्त्वाचे आहे ते वेग कुठून येतो हे. पायांनी जमीन रेटून, कंबर आधी आणि खांदे नंतर फिरून आलेला वेग टिकतो. तोच वेग निव्वळ हात झटकून काढलेला असेल तर कोपर आणि खांदा त्याची भरपाई करतात. म्हणून जाणता प्रशिक्षक रडार गन खाली ठेवून पिचरला बाजूने, पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या रेषेतून पाहतो. पुढचा पाय दर वेळी त्याच जागी पडतो का, हात दर वेळी त्याच उंचीवरून सुटतो का, आणि तिसऱ्या डावात थकल्यावरही ते तसेच राहते का, हे तिथून दिसते.

दुसरी खूण चेंडूंच्या वैविध्याची, आणि इथे मला स्वतःला चेंज-अप हा हळू चेंडू फार महत्त्वाचा वाटतो. वळणारा कर्व्हबॉल किंवा स्लायडर हायस्कूलच्या फलंदाजाला सहज चकवतो, त्यामुळे त्या वयात चेंज-अप टाकायची गरजच पडत नाही. फास्टबॉलच्याच हातवेगाने आठ-दहा मैल हळू चेंडू टाकायचा आणि त्यावर विश्वास ठेवायचा, हे धाडस ज्या सतरा वर्षांच्या मुलात असते, तो खेळाचा पुढचा विचार करतो आहे असे समजावे. अलीकडे ट्रॅकमॅन आणि रॅप्सोडो या यंत्रांनी चेंडूचे फिरणे, त्याचा अक्ष आणि हवेतले वळण मोजता येऊ लागले. मोठ्या लीगच्या साध्या फास्टबॉलचे फिरणे मिनिटाला सुमारे २,३०० फेऱ्या असते, आणि कॉलेजेही आता मुलांकडे ही आकडेवारी मागतात. एकाच वेगाचे दोन चेंडू फलंदाजाला वेगळे का भासतात, याचे उत्तर त्यातून मिळते. म्हणून हे मोजमाप स्वागतार्ह आहे. तिसरी खूण बहुतेक प्रेक्षकांना दिसतच नाही. धावक पहिल्या बेसवर असताना पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरच्या हातमोज्यात पडेपर्यंत १.३ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. कॅचर दोन सेकंदांत दुसऱ्या बेसवर चेंडू पोचवतो, म्हणजे एकूण ३.३ सेकंद, आणि चपळ धावक जवळजवळ तेवढ्यातच तिथे पोचतो. ९३ मैलांनी टाकणारा पण १.६ सेकंद घेणारा पिचर कॉलेजात पहिल्याच महिन्यात लुटला जातो. प्रशिक्षकाच्या हातातले साधे स्टॉपवॉच हे सांगते. पण अनेक शोकेसमध्ये धावक नसतात, त्यामुळे तिथे ते खिशातच राहते.

अभ्यासाचा मुद्दा थोडक्यात. डिव्हिजन १साठी हायस्कूलचे सोळा ठरावीक विषय आणि त्यांत किमान २.३ची सरासरी लागते. एसएटी-एसीटीसारख्या परीक्षांची अट २०२३च्या जानेवारीत उठली. आयव्ही लीगमध्ये आणि डिव्हिजन ३मध्ये क्रीडा शिष्यवृत्ती नसतेच, त्यामुळे तिथे गुणपत्रिकाच दार उघडते. स्वभावाचे मोजमाप मात्र प्रशिक्षक आपापल्या परीने करतात: शॉर्टस्टॉपच्या हातून चेंडू निसटल्यावर पिचरचा चेहरा कसा होतो, बाहेर काढल्यावर तो बाकावर कसा बसतो, आईवडिलांशी कसा बोलतो. हे निरीक्षण व्यक्तिनिष्ठ आहे, पण निरुपयोगी नाही. जो मुलगा दर वर्षी काही नवे शिकणार आहे त्याच्यावरच तीन वर्षांची मेहनत घालण्यात अर्थ आहे.

आता अर्थकारण. २०२४-२५पर्यंत डिव्हिजन १च्या बेसबॉल संघाला एकूण ११.७ शिष्यवृत्त्या देता येत, आणि त्या बऱ्याच खेळाडूंत वाटल्या जात. म्हणजे पूर्ण शिष्यवृत्ती क्वचितच कुणाला मिळे आणि प्रत्येक हिस्सा तोलूनमापून दिला जाई. जून २०२५मध्ये हाउस विरुद्ध एनसीएए या खटल्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली आणि ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांवरचे शिष्यवृत्तीचे बंधन गेले. त्याऐवजी संघात ३४च खेळाडू ठेवण्याची मर्यादा आली. श्रीमंत विद्यापीठे आता सर्व ३४ जणांचा पूर्ण खर्च उचलू शकतात, पण जागाच कमी झाल्या. त्यातच २०१८पासून ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, आले, २०२१पासून बेसबॉलच्या खेळाडूला एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येऊ लागले, आणि त्याच वर्षी स्वतःच्या नावाच्या जाहिरातीतून पैसे मिळवण्याची मुभाही मिळाली. ज्या प्रशिक्षकाची नोकरी येत्या मे-जूनमधल्या निकालांवर अवलंबून आहे, तो सतरा वर्षांच्या कच्च्या मुलावर तीन वर्षे का घालवील? दुसऱ्या कॉलेजात दोन हंगाम सिद्ध झालेला एकवीस वर्षांचा पिचर पोर्टलमध्ये उभाच असतो. शिवाय मोठ्या लीगचा ड्राफ्ट पूर्वी चाळीस फेऱ्यांचा होता, २०२०च्या साथीत तो पाच फेऱ्यांवर आला आणि २०२१पासून वीसवर स्थिरावला. पूर्वी शेवटच्या फेऱ्यांत व्यावसायिक करार घेऊन निघून जाणारी कितीतरी मुले आता कॉलेजच्याच रांगेत येतात. हायस्कूलच्या पिचरसाठी दार असे सगळ्या बाजूंनी अरुंद झाले, की त्याला लगेच डोळ्यांत भरणारी गोष्ट दाखवावीच लागते, आणि ती वेग हीच असते. कॉलेजचे प्रशिक्षक बेसबॉलच्या मुलाशी हायस्कूलच्या अकरावीआधीच्या १ ऑगस्टपर्यंत थेट बोलू शकत नाहीत, असा नियम २०२३मध्ये आला तो चांगलाच आहे. त्याआधी नववीतल्या मुलांच्या तोंडी संमती घेतल्या जात. पण या नियमाने बोलणे लांबले, पाहणे लांबले नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा आकडा आजही नोंदला जातोच.

त्या आकड्यासाठी मुले काय करतात, हे वैद्यकीय संशोधनात दिसते. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००६ साली खांद्याची किंवा कोपराची शस्त्रक्रिया झालेल्या ९५ किशोर पिचरांची तुलना दुखापत नसलेल्या ४५ जणांशी केली. वर्षातल्या आठ महिन्यांपेक्षा जास्त काळ स्पर्धेत पिचिंग करणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट, थकलेल्या हाताने नेहमी टाकत राहणाऱ्यांत छत्तीस पट आणि ८५ मैलांहून वेगवान चेंडू टाकणाऱ्यांत अडीच पटींहून थोडी जास्त आढळली. याच संस्थेने लहान वयाच्या पिचरांचा दहा वर्षे पाठपुरावा करून २०११ साली दाखवले, की वर्षाला शंभरहून अधिक डाव टाकणाऱ्यांत गंभीर दुखापत साडेतीन पट होते. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध बदलण्याची जी शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ साली टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली, ती आज किशोरांची शस्त्रक्रिया झाली आहे: २००७ ते २०११ या काळात अमेरिकेतल्या अशा शस्त्रक्रियांपैकी ५६.७ टक्के पंधरा ते एकोणीस वयोगटातल्या खेळाडूंवर झाल्या. आणि डिसेंबर २०२४मध्ये मेजर लीग बेसबॉलने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात वेगाचा पाठलाग, चेंडूच्या वळणाचा अतिरेकी ध्यास आणि प्रत्येक चेंडूला पूर्ण ताकद लावण्याची सवय ही कारणे नोंदवली. परफेक्ट गेम या संस्थेच्या राष्ट्रीय शोकेसमध्ये ९५ मैल गाठणारे हायस्कूलचे पिचर २०१८ साली पाच होते, २०२४ साली छत्तीस, हेही त्या अहवालात आहे. मोठ्या आणि दुय्यम लीग मिळून टॉमी जॉन शस्त्रक्रिया २०१०मध्ये १०४ होत्या, २०२४मध्ये २८१.

यावर दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले असे, की प्रशिक्षकाचे काम सामने जिंकण्याचे आहे, देशभरातल्या मुलांचे कोपर सांभाळण्याचे नाही. हे उत्तर निष्ठुर वाटले तरी प्रामाणिक आहे, म्हणून त्याला नैतिकतेने नव्हे, प्रशिक्षकाच्याच हिताने उत्तर द्यायला हवे. चौदाव्या वर्षापासून वर्षभर स्पर्धा खेळून जो मुलगा ९५ गाठून येतो, त्याच्या कोपरातली किती ताकद खर्च झाली आहे हे रडार गन सांगत नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तो शस्त्रक्रियेला गेला, तर वर्षभराहून अधिक काळ एक जागा रिकामी राहते, आणि ३४ जणांच्या संघात रिकामी जागा पूर्वीपेक्षा महाग आहे. दुसरे उत्तर असे, की नवी यंत्रे आणि जैवयांत्रिक प्रयोगशाळा हा प्रश्न सोडवतील. त्या मदत करतील यात शंका नाही, पण आजवर त्यांचा मुख्य उपयोग वेग आणि वळण वाढवण्यासाठीच झाला आहे. चेंडू कसा फिरतो हे दाखवणाऱ्या यंत्राला तो मुलगा गेल्या शनिवारी किती चेंडू टाकून आला, हे कळत नाही.

निव्वळ फेकीच्या मोजमापावर निवड केली तर काय होते, याचा एक उघड प्रयोग भारतातही झाला. २००८च्या मिलियन डॉलर आर्म या स्पर्धेत देशभरातून वेगाने आणि अचूक फेकणारे तरुण शोधले गेले. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले, आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. बेसबॉल कधी न खेळलेल्या मुलांनी तिथवर पोचणे हा मोठाच पराक्रम होता, आणि रिंकूने दुय्यम लीगमध्ये काही हंगाम चांगली कामगिरीही केली. पण दिनेशला २०१०मध्ये सोडण्यात आले, रिंकूची वाटचाल दुखापतींनी थांबली आणि मोठ्या लीगमध्ये दोघेही पोचले नाहीत. लहानपणापासून मिळणारी खेळाची समज फेकीला आयती जोडता येत नाही. याच्या शेजारी कुमार रॉकरचे उदाहरण ठेवावे. त्याच्या आईचे आईवडील भारतातून अमेरिकेत आले. जॉर्जियातल्या नॉर्थ ओकोनी हायस्कूलमधून तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात आला, आणि पहिल्याच वर्षी, जून २०१९मध्ये, ड्यूकविरुद्ध एकही हिट न देता त्याने १९ फलंदाज स्ट्राइकआउट केले. त्या सामन्यात त्याचा स्लायडर फलंदाजांना सापडेना. तरीही २०२१मध्ये न्यूयॉर्क मेट्सने दहाव्या क्रमांकावर निवडून वैद्यकीय तपासणीनंतर करार नाकारला. त्यानंतर खांद्याची, मग २०२३मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबर २०२४मध्ये तो टेक्सास रेंजर्सकडून मोठ्या लीगमध्ये उतरला. व्यावसायिक संघ पिचरच्या शरीराचा इतिहास किती गांभीर्याने तपासतात, हे त्यातून दिसते. कॉलेजे हायस्कूलच्या मुलाबाबत तेवढे क्वचितच करतात.

उपाय फार गुंतागुंतीचा नाही. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ साली पिच स्मार्ट नावाचे मार्गदर्शन काढले. त्यानुसार सतरा-अठरा वर्षांच्या पिचरने दिवसात १०५हून जास्त चेंडू टाकू नयेत आणि वर्षात किमान चार महिने स्पर्धात्मक पिचिंगपासून दूर राहावे. २०१७पासून प्रत्येक राज्याच्या हायस्कूल संघटनेला चेंडूंच्या मर्यादेचा नियम करणे भाग पडले. पण शाळेचा प्रशिक्षक शाळेतले चेंडू मोजतो, क्लबचा क्लबमधले, आणि शोकेसवाल्यांकडे मागच्या आठवड्याची नोंद नसते. बेरीज कुणीच करत नाही. ती मागण्याची ताकद फक्त रिक्रूटरकडे आहे, कारण सगळी धावपळ त्याच्या नजरेत भरण्यासाठी चाललेली असते. त्याने वेगाच्या आकड्यासोबत गेल्या बारा महिन्यांतल्या चेंडूंची आणि विश्रांतीच्या महिन्यांची नोंद मागायला सुरुवात केली, तर क्लब आणि कुटुंबे ती ठेवू लागतील, आणि ऑक्टोबरात पिचिंग बाजूला ठेवून फुटबॉल किंवा बास्केटबॉल खेळणारा मुलगा संधी गमावणारा ठरणार नाही. ज्यांना चार वर्षांच्या कॉलेजात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजची वाटही आहे. तिथून कोणत्याही वर्षी ड्राफ्टमध्ये निवड होऊ शकते. चार वर्षांच्या कॉलेजात गेल्यास तिसरे वर्ष संपेपर्यंत किंवा एकविसावे वर्ष लागेपर्यंत थांबावे लागते. उशिरा वाढणाऱ्या पिचरला या वाटेने ती दोन वर्षे मिळतात, ज्यांत शरीर भरते, चेंज-अप बसतो आणि एका हंगामाचे खरे आकडे जमा होतात. डिव्हिजन १चे प्रशिक्षक आता ज्युनिअर कॉलेजच्या मैदानांकडे पूर्वीपेक्षा जास्त वळू लागले आहेत, ते या आकड्यांसाठीच.